दादर : एक स्थानक, दोन खतावण्या

वडूजला रेल्वे नाही. रुळांचे दर्शन घ्यायचे तर कोरेगाव किंवा रहिमतपूर गाठावे लागते. तरीही खटाव-माण भागातल्या आपल्या व्यापारी घरांमध्ये मुंबईच्या एका स्थानकाचे नाव जितक्या सहजपणे घेतले जाते, तितके साताऱ्याच्या स्थानकाचेही घेतले जात नाही. ते नाव म्हणजे दादर. हिंदमाता बाजारात कापडाची खरेदी असो, घाटकोपर-मुलुंडच्या व्याह्यांकडचे शुभकार्य असो, मालाड-बोरिवलीच्या लेकीकडे जायचे असो, की परळच्या टाटा किंवा के. ई. एम. रुग्णालयाची पायरी चढण्याची वेळ आलेली असो, कोल्हापूरकडून आलेली गाडी सोडून लोकलमध्ये बसायचे ते बहुधा दादरलाच. एसटीने जाणारेही बहुधा तेथेच उतरतात.

पहिल्या तीन कामांत थोडा उशीर झाला तर फारसे बिघडत नाही. चौथ्याचे तसे नाही. सकाळची वेळ मिळालेली असते, हातात तपासण्यांची जाड फाईल असते, बरोबर अशक्त माणूस असते आणि समोर हजारो लोक एकाच दिशेने धावत असतात. अशा वेळी त्या स्थानकाची रचना डोक्यात स्वच्छ असेल, तर अर्धी धास्ती कमी होते. या महिन्यात दादरविषयी लिहिण्याचे कारण एवढेच. शिवाय जुन्या माहितीवर विसंबून वाट दाखविणारी वडीलधारी मंडळी आपल्या प्रत्येक घरात आहेत, आणि त्यांची माहिती २०२३ च्या डिसेंबरपासून चुकीची ठरलेली आहे. त्याचा हिशेब पुढे येईलच. आधी हे स्थानक असे का घडले ते पाहू.

दादर या शब्दाचा मराठीतला अर्थ जिना. गावाला हे नाव नेमके कशावरून पडले, यासंबंधी निरनिराळ्या कथा सांगितल्या जातात. त्यांत न शिरता एवढेच म्हणतो की, आज ज्याला दादरला उतरावे लागते त्याला नावाचा अर्थ कोणी वेगळा समजावून सांगावा लागत नाही. दादर म्हणजे जिने चढणे आणि जिने उतरणे.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली, ती आजच्या दादरच्या भूमीवरूनच गेली. साहिब, सिंध आणि सुलतान ही तिच्या तीन इंजिनांची नावे शाळेच्या पुस्तकांमुळे बहुतेकांना पाठ आहेत. ती गाडी शीवला पाण्यासाठी थांबली. दादरला थांबण्याचे तिला काही कारण नव्हते. तेव्हा हा सारा भाग माहीमच्या वनराईत मोडत असे. नारळी, ताड, आमराया, मधूनमधून भातशेती आणि तुरळक वस्ती. ही लोहमार्गाची कंपनी म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, म्हणजेच आपल्या आजोबांच्या बोलण्यातली जी. आय. पी.

दुसरी कंपनी गुजरातकडून आली. बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे हे तिचे लांबलचक नाव, लोक बी. बी. सी. आय. म्हणत. सुरतेकडून दक्षिणेला उतरत उतरत तिचे रूळ नोव्हेंबर १८६४ मध्ये ग्रँट रोडपर्यंत पोहोचले. १२ एप्रिल १८६७ पासून विरार ते बॅकबे अशी रोज एक जाणारी आणि एक येणारी गाडी सुरू झाली, आणि मुंबईच्या उपनगरी वाहतुकीचा आरंभ बहुतेक जण तेथून मानतात. दिवसाला एक गाडी! आज मुंबईच्या लोकलमधून रोज सुमारे पाऊण कोटी माणसे ये-जा करतात. घातलेले बी आणि आलेले पीक यांचे असे प्रमाण व्यापारात सहसा दिसत नाही.

आता नकाशा डोळ्यांसमोर आणावा. मुंबई हे चिंचोळे, लांबट बेट. दोन कंपन्यांना दक्षिणेच्या टोकाकडून उत्तरेला जायचे. एकीला कल्याणकडे, दुसरीला वसई-विरारकडे. चिंचोळ्या जागेमुळे परळपासून दादरपर्यंत दोघींचे रूळ जवळजवळ एकमेकांना खेटून चालतात. दादर सोडले की फाटाफूट होते. जी. आय. पी. उजवीकडे वळून माटुंगा-शीवकडे जाते आणि बी. बी. सी. आय. डावीकडे माहीम-वांद्र्याकडे. म्हणून माटुंगा आणि माटुंगा रोड ही दोन स्थानके नावाने बहिणी असली, तरी एकीवरून दुसरीकडे जायला बरेच चालावे लागते. उत्तरेकडे जाताना दोन मार्ग एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर असणारे शेवटचे ठिकाण म्हणजे दादर. स्थानकाचे सारे महत्त्व भूगोलाच्या या एका गोष्टीतून निघाले आहे. कोणा अधिकाऱ्याने कागदावर ठरविले होते की येथे मोठे केंद्र करू, असे नव्हे.

मग गर्दी कोठून आली? तिचे मूळ एका रोगात आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. दाट वस्तीच्या चाळींमधून माणसे पटापट गेली आणि जी उरली ती शहर सोडून पळाली. सरकारने १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला आणि मोकळ्या हवेच्या वसाहतींसाठी उत्तरेकडची जमीन हाती घेतली. दादर, माटुंगा, वडाळा, शीव ही आखीव वस्ती त्यातून उभी राहिली. रुंद रस्ते, झाडांच्या रांगा, हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी. फोर्टमधल्या कचेऱ्यांत आणि पेढ्यांवर काम करणारा, पगारावर संसार करणारा मध्यमवर्ग येथे राहायला आला. पश्चिमेला नारळीच्या वाड्या होत्या, तेथेही घरे झाली. त्याच सुमाराला परळ-लालबाग-दादर पट्ट्यातल्या गिरण्या सातारा-कोकणच्या माणसांना बोलावून घेत होत्या. आपल्या खटाव-माणमधले दुष्काळाने गांजलेले किती गडी त्या भोंग्यामागे गेले, त्याची नोंद गावोगावच्या किराणा दुकानांतल्या उधारीच्या वह्यांत आहे. मुंबईहून मनीऑर्डर आली की येथली बाकी फिटे.

विजेने पुढचे काम केले. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला ही हार्बर मार्गाची पहिली विजेची गाडी धावली. जानेवारी १९२८ मध्ये बी. बी. सी. आय.ने कुलाबा ते बोरिवली मार्गावर वीज आणली. वाफेच्या इंजिनाला वेग घ्यायला वेळ लागतो, थांबायलाही लागतो. विजेची गाडी पटकन सुटते आणि पटकन थांबते. त्यामुळे एकाच रुळावर थोड्या थोड्या अंतराने अनेक गाड्या सोडता येऊ लागल्या. थांबे जवळजवळ ठेवणे परवडू लागले. मग धीम्या गाड्यांसाठी एक जोडी रूळ आणि जलद गाड्यांसाठी दुसरी जोडी अशी विभागणी रुजली. जलद गाडी सगळीकडे थांबत नाही. पण जेथे दोन रेल्वे भेटतात तेथे तिला थांबावेच लागते. दादरला प्रत्येक गाडी थांबते, म्हणून प्रत्येक प्रवासी दादरला येतो, आणि प्रत्येक प्रवासी येतो म्हणून प्रत्येक गाडीला थांबावे लागते. चक्रवाढ व्याजासारखे हे गणित आहे.

रेल्वेच्या जोडीला ट्रामही होती. पूर्वेकडच्या खोदादाद सर्कलला आजही दादर टी. टी. म्हणतात. टी. टी. म्हणजे ट्राम टर्मिनस. ३१ मार्च १९६४ च्या रात्री मुंबईची शेवटची ट्राम बोरीबंदरहून निघून दादरला आली आणि हा अध्याय संपला. ट्राम गेली त्याला साठ वर्षे होऊन गेली, तरी टॅक्सीवाल्याला ‘टी. टी.’ म्हटले की तो आजही बरोबर तेथेच नेतो. जुन्या पेढीचे नाव मालक बदलले तरी चालू राहते, तसे हे.

आता मुख्य मुद्दा. स्वातंत्र्यानंतर रेल्वेची पुनर्रचना झाली. ५ नोव्हेंबर १९५१ रोजी जी. आय. पी.ची मध्य रेल्वे झाली आणि त्याच दिवशी बी. बी. सी. आय.ची पश्चिम रेल्वे. कंपन्या गेल्या, परंतु त्यांच्यामधली हद्द तशीच पुढे ओढली गेली. दादरचा पश्चिमेकडचा भाग पश्चिम रेल्वेकडे राहिला आणि पूर्वेकडचा मध्य रेल्वेकडे. मालक एकच, भारत सरकार. पण खतावण्या दोन. तिकीट खिडक्या दोन्हीकडे वेगळ्या, घोषणा वेगळ्या, कर्मचारी वेगळे आणि फलाटांचे क्रमांकही वेगळे. पश्चिम रेल्वेचे १ ते ७ आणि मध्य रेल्वेचे १ ते ८. म्हणजे एकाच स्थानकात पाच क्रमांकाचे फलाट दोन, सहा क्रमांकाचे दोन, एक क्रमांकाचेही दोनच.

रोज जाणाऱ्या मुंबईकराला याचे काहीच वाटत नसे. तो ‘वेस्टर्नचा तीन’ किंवा ‘सेंट्रलचा तीन’ असे म्हणून मोकळा होई. अडचण व्हायची ती वर्षातून एकदा जाणाऱ्याची. फोनवर नातेवाईक सांगे, पाच नंबरवर थांबा, मी आलोच. पाहुणे पाचवर उभे, नातेवाईकही पाचवर उभे, आणि मध्ये दहा-बारा रूळ. अशी चुकामूक झाली नाही असे कुटुंब आपल्या भागात शोधून सापडणे कठीण. मोबाईल येण्यापूर्वी तर तास-दोन तास सहज जात.

बँकेत असताना दोन शाखांचे एकत्रीकरण मी जवळून पाहिले आहे. दोन्हीकडे ‘बचत खाते क्रमांक १०१’ होते आणि दोन्ही खातेदार जिवंत व हुशार होते. एकाचा धनादेश दुसऱ्याच्या नावे पडू नये म्हणून पहिल्याच दिवशी एका शाखेच्या सगळ्या क्रमांकांपुढे नवा आकडा लावला गेला. जे काम बँकेला पहिल्या दिवशी करावे लागते, त्याला दादरला बहात्तर वर्षे लागली. रेल्वेचा दोष काढण्यासाठी हे लिहीत नाही. बँकेत चूक झाली तर पैसे अडकतात आणि खातेदार काउंटरवर येऊन भांडतो. प्रवासी भांडायला थांबत नाही, त्याची गाडी सुटते. म्हणून त्याची तक्रार कोणाच्या टेबलावर पोहोचत नाही.

९ डिसेंबर २०२३ पासून मात्र क्रमांक एकसलग झाले. पश्चिमेकडून पूर्वेकडे मोजायचे. पश्चिम रेल्वेचे फलाट होते तसेच १ ते ७. त्यापुढे मध्य रेल्वेचे ८ ते १४. येथे एक बारकावा आहे आणि तो नीट समजून घेतला पाहिजे. मध्य रेल्वेचे आठ फलाट असताना नवे क्रमांक सातच कसे? कारण त्याआधी काही महिने, सप्टेंबर २०२३ मध्ये, मध्य रेल्वेचा दोन क्रमांकाचा फलाट कायमचा बंद करण्यात आला. एक क्रमांकाच्या फलाटावर गर्दी मावत नव्हती. दोनची जागा घेऊन एकची रुंदी वाढविली गेली. दादरहून सुटणाऱ्या ज्या धीम्या लोकल दोनवर लागत, त्या परळहून सुटू लागल्या. परळला २०१९ मध्ये स्वतंत्र टर्मिनस झाले होतेच.

तेव्हा जुन्या क्रमांकावरून नवा काढायचा हिशेब असा. मध्य रेल्वेचा जुना एक आता आठ झाला, म्हणजे त्यात सात मिळवायचे. जुना दोन राहिला नाही. जुना तीन आता नऊ, चार आता दहा, पाच आता अकरा, आणि याच क्रमाने जुना आठ आता चौदा. म्हणजे त्या सर्वांत सहा मिळवायचे. घरातल्या वडिलांनी ‘चार नंबर’ म्हटले की आधी विचारावे, कोणत्या रेल्वेचा? पश्चिमेचा असेल तर चारच, मध्यचा असेल तर दहा. हा कागद कापून प्रवासाच्या पाकिटात ठेवला तरी चालेल.

क्रमांकांपलीकडे रचनेचे एक सूत्र आहे. ते कळले की आकडे पाठ करण्याची गरज फारशी उरत नाही. आपल्याकडे गाड्या डाव्या हाताने चालतात. दोन्ही रेल्वेंत पश्चिमेकडून मोजू लागलो तर आधी धीम्या गाड्यांची जोडी येते, मग जलद गाड्यांची, आणि त्यानंतर, म्हणजे पूर्वेच्या अंगाला, बाहेरगावच्या गाड्या. प्रत्येक जोडीत शहराबाहेर जाणारी लोकल पश्चिमेच्या रुळावर आणि शहराकडे येणारी पूर्वेच्या रुळावर. म्हणून मध्य रेल्वेच्या आठवर कल्याणकडची धीमी लोकल, नऊवर छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसकडची धीमी. दहा-अकराला जलद गाड्या. बारापासून पुढे मुख्यत्वे बाहेरगावच्या. ऐनवेळी बदल होतात, तेव्हा अखेरचा शब्द घोषणेचा आणि इंडिकेटरचाच मानावा. पण स्थूल नकाशा हा.

मध्य आणि पश्चिम जोडणारे पादचारी पूल वरून जातात, आणि खरी कसोटी तेथेच आहे. फलाट लांब आहेत. बारा डब्यांच्या गाडीतून एकाच वेळी उतरलेली माणसे मात्र दोन-तीन अरुंद जिन्यांकडे धावतात. लांबलचक गोदामाला एकच दार असावे तसा हा प्रकार. सरकते जिने झाले, काही पूल रुंद झाले, तरी मूळ अडचण जागेची आहे. दोन्ही बाजूंना बाजार, मध्ये रूळ. फलाट वाढवायला जमीन कोठून आणणार?

ही अडचण किती भयंकर होऊ शकते, हे दादरच्या लगतच्या स्थानकावर दिसले. २९ सप्टेंबर २०१७, दसऱ्याच्या आदल्या दिवसाची सकाळ. परळ आणि एल्फिन्स्टन रोड या स्थानकांना जोडणाऱ्या अरुंद पुलावर अचानक आलेल्या पावसामुळे लोक आडोशाला थांबले, खालून गाड्यांमधली नवी माणसे वर चढत राहिली, आणि चेंगराचेंगरीत वीसहून अधिक जीव गेले. पूल पडल्याची आवई उठली होती असे तेव्हा सांगितले गेले. फुलांच्या मोसमात कोणीतरी ‘फूल पडले’ म्हटले आणि ऐकणाऱ्याने ‘पूल पडला’ असे ऐकले, अशीही हकीकत ऐकिवात आली. खरे-खोटे काहीही असो, पूल पडलेला नव्हता. माणसांना पुढे-मागे सरकायला जागा नव्हती, एवढेच खरे. त्यानंतर लष्कराच्या अभियंत्यांना बोलावून तेथे नवा पूल बांधून घेतला गेला. तो फेब्रुवारी २०१८ मध्ये खुला झाला. त्याच वर्षी एल्फिन्स्टन रोडचे नाव प्रभादेवी झाले. काही महिन्यांत होऊ शकणारे काम आधी का झाले नाही, हा प्रश्न एखाद्या हिशेब तपासनीसाने विचारावा असा आहे आणि तो अजूनही विचारण्यासारखाच आहे.

दादरच्या एक क्रमांकाच्या फलाटाची रुंदी वाढविण्यासाठी आख्खा एक फलाट बंद करण्याचा निर्णय या पार्श्वभूमीवर पाहावा. गाड्या सोडण्याची सोय कमी करून माणसांना उभे राहायला जागा देण्यात आली. मला तो निर्णय शहाणपणाचा वाटतो. दुकानात माल वाढवायचा की गिऱ्हाइकाला उभे राहायला जागा ठेवायची, हे कधीतरी ठरवावेच लागते.

परदेशातही अशी उदाहरणे आहेत. जपानमधले टोकियोचे शिंजुकू हे जगातल्या सर्वांत वर्दळीच्या स्थानकांपैकी एक. तेथे अनेक रेल्वे कंपन्या एकाच संकुलात आहेत आणि खाजगी कंपन्यांच्या फलाटांचे क्रमांक आजही स्वतंत्र आहेत. परंतु त्यांच्या कंपन्या खरोखरच वेगळ्या मालकीच्या आहेत. आपल्याकडे मालक एकच असताना ही विभागणी चालत राहिली.

स्थानकाबाहेर पडताना पूर्व की पश्चिम हे पुलावर चढण्यापूर्वीच ठरवावे. पूर्वेला स्वामिनारायण मंदिर, टी. टी., हिंदू कॉलनी आणि पुण्याकडच्या बसगाड्या. हिंदमाताही पूर्वेलाच, दक्षिणेच्या दिशेला. पश्चिमेला फुलांची मंडई, भाजी, रानडे रोडची खरेदी आणि पुढे शिवाजी पार्क. माटुंग्याच्या अंगाला टिळक पूल दोन्ही बाजू जोडतो. वाहन मिळाले तर रुग्णाला घेऊन पादचारी पूल चढण्यापेक्षा त्यावरून वळसा घेणे बरे. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर येणाऱ्या लाखो अनुयायांची दादरला रीघ लागते. त्याच्या आगेमागे रुग्णालयाची तारीख मिळाली असेल तर पुरेसा वेळ हाताशी ठेवून निघावे.

पश्चिमेलाच थोडे चालले की आपल्या समाजाला सर्वांत परिचित असलेली जागा लागते. शांतिनाथ भगवंतांचे देरासर आणि त्यासमोरचा कबुतरखाना. १९३३ मध्ये उभारलेली ही वास्तू वारसा यादीत आहे. पहाटेची गाडी दादरला पोहोचल्यावर देरासरात दर्शन घेऊन मगच पुढे कामाला जाण्याचा नेम आपल्याकडच्या कित्येक व्यापाऱ्यांनी वर्षानुवर्षे पाळला आहे. कबुतरांच्या विष्ठेमुळे श्वसनाचे विकार होतात या कारणावरून २०२५ च्या ऑगस्टमध्ये महापालिकेने कबुतरखाना ताडपत्रीने झाकला, आणि त्यावरून समाजात किती क्षोभ झाला हे वाचक जाणतातच. जीवदया हा आपला प्राण आहे. शेजारच्या इमारतीत खोकणारा म्हातारा हाही जीवच आहे. दोन्ही वाक्ये एकाच दमात म्हणता येतील असा मार्ग निघावा, यापलीकडे आज येथे लिहीत नाही. तो विषय स्वतंत्र लेखाचा आहे.

रेल्वे-मार्गांच्या दृष्टीनेही दादर आपल्या समाजाला जवळचे आहे. पश्चिम रेल्वेच्या बाजूने राजस्थानकडे जाणारी रणकपूर एक्सप्रेस सुटते. जिच्या नावातच तीर्थ आहे अशी गाडी विरळाच. मध्य रेल्वेच्या बाजूने कोल्हापूरची महालक्ष्मी आणि कोयना दादरला थांबतात. पंढरपूर-मिरज मार्गे साताऱ्याला येणारी गाडी तर दादरहूनच सुटते. मात्र केवढा तो वळसा! घाई असलेल्याने तिच्या वाटेला जाऊ नये, पण वाटेत पंढरपूर-सांगलीची कामे असतील त्याला ती सोयीची. पुणे-मिरज मार्ग १९७० च्या दशकाच्या आरंभी रुंद झाला, त्यापूर्वी आपल्या मंडळींना पुण्यात गाडी बदलावी लागे. तो त्रास ज्यांनी भोगला त्यांच्या हिशेबी दादरचे जिने म्हणजे काहीच नाहीत.

रुग्ण, वृद्ध किंवा लहान मुले बरोबर असतील त्यांच्यासाठी काही गोष्टी अनुभवाच्या आधारे सांगतो. सकाळी आठ ते अकरा शहराकडे जाणाऱ्या आणि संध्याकाळी साडेपाच ते साडेआठ शहराबाहेर जाणाऱ्या लोकल टाळता आल्या तर टाळाव्यात. महालक्ष्मीने गेल्यास दादरला सकाळी लवकर पोहोचता येते आणि गर्दीच्या आत परळला जाता येते. कोयना संध्याकाळच्या ऐन गर्दीत पोहोचते, म्हणून कोयनेने जाणाऱ्या वृद्धांनी लोकलच्या भानगडीत न पडता सरळ टॅक्सी करावी. त्यात वाचविलेले पैसे मुंबईत वाचत नाहीत. गाडीतून उतरल्यावर लगेच जिन्याकडे धावू नये. फलाटावरच्या खांबाच्या किंवा बाकाच्या आडोशाला तीन-चार मिनिटे उभे राहावे. ती लाट वर चढून जाते आणि पुढची गाडी येण्यापूर्वी जिना बराच मोकळा मिळतो. पुलावर मात्र कोणत्याही कारणाने थांबू नये. फोन आला तरी नाही, पाऊस आला तरी नाही. पुलावर थांबलेला एक माणूस मागच्या शंभरांना अडवतो.

चुकामूक झाली तर कोणी कोणाला शोधत फिरायचे नाही, हे आधीच ठरवून घ्यावे. ठरलेली जागा एकच असावी आणि ती फलाटावर नसावी, बाहेर असावी. पूर्वेला स्वामिनारायण मंदिराचे प्रवेशद्वार, पश्चिमेला देरासर. या दोन जागा कोणालाही विचारल्या तरी सांगता येतात आणि त्यांचे क्रमांक बदलत नाहीत. रुग्णाच्या खिशात नाव, बरोबरच्या माणसाचा फोन आणि रुग्णालयाच्या नोंदणीचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असावी. फाईल एकाकडे आणि पैसे दुसऱ्याकडे ठेवावेत.

लोकलने दादरला येताना आणखी एक पथ्य. दादरला उतरायचे तर मध्यकडे कुर्ल्यापासून आणि पश्चिमकडे वांद्र्यापासूनच दाराकडे सरकायला लागावे. दादर आल्यावर उठू म्हणणारा पुढच्या स्थानकावर उतरतो. दार कोणत्या बाजूला येणार हे शेजारच्या प्रवाशाला विचारावे. मुंबईकर घाईत असतो, पण विचारल्यास सांगतो, आणि म्हातारे माणूस दिसले तर चार जणांना बाजूला सारून वाटही करून देतो. हे मी अनेकदा पाहिले आहे.

परतीची महालक्ष्मी रात्रीची असते. चौविहार पाळणाऱ्यांनी सूर्यास्तापूर्वीच भोजन आटोपून निघावे. डिसेंबरात मुंबईचा सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो, आणि नेमकी तीच वेळ लोकलच्या गर्दीची. तेव्हा रुग्णालयाचे काम चारच्या आत संपले तर परळ-लालबागकडच्या नातेवाईकांकडे किंवा देरासराच्या परिसरात पानावर बसून घ्यावे, उकळलेल्या पाण्याची बाटली भरून घ्यावी, आणि सात-साडेसातपर्यंत पूर्वेच्या बाजूने स्थानकात शिरून बाहेरगावच्या फलाटांकडे जावे. पूर्वेच्या दाराने आत गेले की आधी चौदा लागतो, मग तेरा, मग बारा.